बालकाची बोली आणि उद्याचा वाचक

(ग्रंथालयाच्या शताब्दी वर्षात बालविभागाच्या कार्यक्रमप्रसंगी वडोदरा येथे केलेले भाषण. मुद्रणासाठी किंचित संक्षेप केला आहे.)



शंभर वर्षे पूर्ण करणाऱ्या ग्रंथालयाच्या उत्सवात वक्त्याने ग्रंथांचा, ग्रंथकारांचा आणि थोर वाचकांचा गौरव करावा, असा रिवाज आहे. तो गौरव याच व्यासपीठावरून माझ्याहून अधिकारी व्यक्तींनी केला आहे. मला मात्र, आपली अनुमती गृहीत धरून, आज अशा लोकांविषयी बोलावयाचे आहे की जे या ग्रंथालयाच्या दारापर्यंत आले, पण आत आले नाहीत. त्यांतला एक माझा धाकटा भाऊ. मी जे सांगणार आहे ते सांगण्यास त्याची संमती आहे. इतकेच नव्हे, तर 'सगळे सांग, काही झाकू नकोस' असे त्याने मला बजावले आहे.

आम्ही लहान असताना दर शनिवारी संध्याकाळी मी येथे पुस्तके बदलावयास येत असे. आईचा आग्रह असे की धाकट्याला बरोबर न्यावे. तो येई, पण पायरीशीच थांबे. 'तू जा, मी चपला सांभाळतो,' हे त्याचे ठरलेले वाक्य. मी बाहेर आले की माझ्या हातातली पुस्तके तो मोठ्या हौसेने घेई आणि घरापर्यंत उचलून आणी. रात्री मी ती मोठ्याने वाचावीत आणि त्याने ऐकावीत, असा आमचा क्रम होता. गोष्टीतला एकही दुवा त्याच्या ध्यानातून निसटत नसे. पण तेच पुस्तक त्याच्या हाती दिले की पहिल्या ओळीतच तो अडखळे, पुढचे शब्द अंदाजाने रेटून नेई आणि शेवटी पुस्तक मिटून ठेवी. शाळेत त्याला 'मठ्ठ' ठरविण्यात आले. बाकावर उभे राहणे, कान धरणे, दहा-दहा वेळा धडा उतरवून काढणे हे सारे झाले. अक्षर वळणदार होते, कारण उतरवून काढण्याचा सराव अमाप झाला होता. आपण उतरविलेले वाचता मात्र येत नव्हते. नववीनंतर त्याने शाळा सोडली.

पुढे मी वाचा-उपचाराचे शिक्षण घेतले आणि उभा जन्म लहान मुलांच्या बोलण्याच्या अडचणींत घालविला. अभ्यास करता करता मला माझ्या भावाचे बालपण नव्याने दिसू लागले. तो तीन वर्षांचा होईपर्यंत जेमतेम काही शब्द बोलत असे. 'मुलगे उशिराच बोलतात' म्हणून घरात कोणी मनावर घेतले नाही. पाचव्या वर्षीही तो कपाटाला 'पकाट' म्हणे आणि त्याच्या बोबड्या बोलाचे कौतुक होई. वाड्यातली आम्ही मुले 'च'ची भाषा बोलत असू. शब्दाचे पहिले अक्षर उचलून शेवटी न्यायचे आणि आरंभी 'च' लावायचा : 'मला पाणी दे' म्हणजे 'चलाम चणीपा चदे'. आमच्यापेक्षा लहान मुलांनाही ती चार दिवसांत साधली. त्याला ती कधीच साधली नाही आणि आम्ही त्याला खेळातून वगळले. त्याची वाचनाची अडचण शाळेत सुरू झालीच नव्हती. ती त्याआधीच, वाड्याच्या अंगणात, आमच्या डोळ्यांसमोर होती. आम्हांला ती ओळखता आली नाही, इतकेच.

आजच्या माझ्या सांगण्याचे सार एवढेच आहे : वाचनाचा आरंभ अक्षरांपासून होत नाही. त्याचा पाया कानात आणि जिभेवर, शाळेच्या कितीतरी आधी घातला जातो. तो पाया कच्चा राहिला असेल तर त्याची चिन्हे दिसतात आणि वेळीच पाहिली तर पुष्कळ काही करता येते.

हे शास्त्रालाही एकदम कळले नाही. इंग्लंडमधील प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरांनी १८९६ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा हुशार, गणितात तरबेज. पण वाचन येईना. स्वतःचे 'पर्सी' हे नावही तो अक्षरांची उलटापालट करून लिही. सर्व शिक्षण तोंडी असते तर हा शाळेतला सर्वांत चलाख मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते. मॉर्गन यांनी या अवस्थेला जन्मजात 'शब्दांधता' म्हटले. ग्लासगोचे नेत्रशल्यविशारद जेम्स हिन्शेलवुड यांनी या विषयावर १९१७ साली ग्रंथच लिहिला. 'अंधता' या शब्दामुळे आणि नेत्रवैद्यांच्या पुढाकारामुळे पुढे बराच काळ लोकांची समजूत अशी राहिली की दोष पाहण्यात आहे : मुलाला अक्षरे उलटी दिसतात, ओळी हलताना दिसतात. आजही पालक पहिल्यांदा मुलाला चष्म्याच्या दुकानात नेतात. डोळे तपासावेत, अवश्य तपासावेत. परंतु बहुसंख्य मुलांच्या बाबतीत अडचणीचे मूळ दृष्टीत नसून भाषेत, विशेषतः बोललेल्या शब्दांतील ध्वनी वेगळे करण्यात असते, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील संशोधनाने दाखवून दिले.

त्या संशोधनातील तीन-चार टप्पे थोडक्यात सांगते. ब्रॅडली आणि ब्रायंट यांनी ऑक्सफर्ड येथे चार-पाच वर्षांच्या सुमारे चारशे मुलांना वाचता येण्यापूर्वीच एक खेळ दिला : काही शब्द ऐकवायचे आणि त्यांतला ध्वनीने न जुळणारा शब्द ओळखावयास सांगायचे. त्यांचे निष्कर्ष १९८३ साली प्रसिद्ध झाले. ज्यांचे कान या खेळात तयार होते, ती मुले पुढे वाचनातही पुढे राहिली. ज्यांना ध्वनी आणि अक्षरे यांची सांगड घालून शिकविले, त्यांना सर्वाधिक लाभ झाला. अमेरिकेत हॉलिस स्कारबरो यांनी वाचनदोष असलेल्या कुटुंबांतील मुलांचे बोलणे अडीच वर्षांच्या वयापासून नोंदवून ठेवले. ती मुले प्राथमिक शाळेत गेल्यावर १९९० साली त्यांनी मागे वळून पाहिले, तेव्हा ज्यांना वाचन जड गेले त्यांची वाक्ये अडीच वर्षांच्या वयातच आखूड आणि सोप्या रचनेची होती, उच्चारही कमी अचूक होते. म्हणजे पाटी हाती येण्यापूर्वीच अडचणीची पावले उमटलेली होती.

त्याच वर्षी ब्रिटनमधील डोरोथी बिशप आणि कॅथरिन अ‍ॅडम्स यांनी आशेची बाजू दाखविली. चौथ्या वर्षी भाषेची अडचण असलेल्या ज्या मुलांची ती अडचण साडेपाच वर्षांपर्यंत दूर झाली, त्यांचे वाचन साडेआठव्या वर्षी चांगले आढळले. ज्यांची अडचण शाळाप्रवेशापर्यंत टिकून राहिली, त्यांना वाचनही जड गेले. मात्र तीच मुले पंधरा-सोळा वर्षांची झाल्यावर १९९८ साली पुन्हा पाहणी प्रसिद्ध झाली, तेव्हा बऱ्या झालेल्या मुलांतही ध्वनींची हाताळणी आणि लेखन-वाचन यांत थोडे मागेपण आढळले. ढग ओसरले तरी ओल राहते, तसे हे आहे. अमेरिकेत ह्यू कॅट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००२ च्या अभ्यासात बालवर्गात भाषेची अडचण असलेल्या मुलांपैकी सुमारे निम्म्यांना पुढे वाचनाची अडचण आली. मी या आकड्याकडे दोन्ही बाजूंनी पाहते. निम्म्यांना आली, म्हणून दुर्लक्ष करू नये. निम्म्यांना आली नाही, म्हणून हताशही होऊ नये.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. वाचन ही एक क्रिया नव्हे. गफ आणि टनमर यांनी १९८६ साली ती गुणाकाराच्या रूपात मांडली : अक्षरांवरून शब्द ओळखणे गुणिले भाषेचे आकलन. गुणाकारात एक संख्या शून्य झाली की दुसरी कितीही मोठी असो, फळ शून्यच. माझ्या भावाचे आकलन उत्तम होते, शब्द ओळखणे अडले होते. ही डिस्लेक्सिया. याच्या उलट अशीही मुले असतात की जी घडघडा वाचतात, उच्चार स्वच्छ, पाठांतर चोख. पण 'काय वाचलेस?' असे विचारले की गप्प. त्यांचा शब्दसंग्रह तोकडा असतो, लांब वाक्याचा अर्थ निसटतो. भाषेच्या विकासातील ही अडचण पाच वर्षांच्या सुमारे सात टक्के मुलांत असते, असे अमेरिका आणि ब्रिटन येथील पाहण्यांतून दिसून आले आहे. तीस मुलांच्या वर्गात अशी दोन मुले धरावीत. पहिल्या प्रकारची मुले वर्गात मार खातात. दुसऱ्या प्रकारची कोणाच्या लक्षातही येत नाहीत, कारण ती 'वाचतात'. चौथी-पाचवीत धडे लांबले, इतिहास-भूगोल सुरू झाला, की ती एकाएकी मागे पडल्यासारखी दिसतात. वास्तविक ती मागे होतीच.

आता आपल्या लिपीकडे वळू. आपण अभिमानाने म्हणतो की देवनागरीत जसे बोलावे तसे लिहावे. इंग्रजीच्या तुलनेत ते पुष्कळ खरे आहे. म्हणूनच आपल्याकडे वाचनाची अडचण निराळ्या रूपात दिसते. मूल अखेरीस चुकीचे वाचत नाही, पण फार सावकाश वाचते. आणि सावकाश वाचणाऱ्याला वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत आरंभाचा विसर पडतो. शिवाय लिपी दिसते तेवढी सरळ नाही. चौतीस व्यंजनांची बाराखडी मांडली की चारशेहून अधिक रूपे होतात, आणि जोडाक्षरे वेगळीच. 'किल्ला' शब्दात वेलांटी आधी लिहायची आणि तिचा उच्चार नंतर करायचा. 'सूर्य' शब्दातला र आधी ऐकू येतो आणि रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. 'चक्र', 'राष्ट्र', 'दऱ्या' या शब्दांत तोच र आणखी तीन वेष घेतो. 'चाक' आणि 'चंद्र' यांतले च निराळे, चिन्ह मात्र एकच. ज्याच्या कानाला शब्दातले ध्वनी सुटे ऐकू येत नाहीत, त्याला ही सारी व्यवस्था मनमानी वाटते. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला. कन्नडची अक्षररचना देवनागरीच्याच जातीची. तेथे अक्षरांवर पूर्ण प्रभुत्व येण्यास प्राथमिक शाळेची कित्येक वर्षे लागतात, असे त्यांना दिसले. पहिलीच्या दिवाळीपर्यंत बाराखडी 'संपवून' पुढे धावणाऱ्या पालकांनी हे ध्यानी ठेवावे.

आपल्या वडोदऱ्यातल्या मराठी घरांना आणखी एक प्रश्न नेहमी पडतो. घरात मराठी, गल्लीत गुजराती, दूरदर्शनवर हिंदी आणि शाळेत इंग्रजी. एवढ्या भाषांनी मूल गोंधळते का? बोलायला उशीर होतो तो यामुळेच का? माझ्याकडे आलेल्या किती तरी आयांना कोणीतरी सल्ला दिलेला असे की घरातली मराठी बंद करा. मी आज या व्यासपीठावरून स्पष्टपणे सांगते : अनेक भाषा ऐकल्याने भाषेचा दोष निर्माण होत नाही. खरी अडचण असेल तर ती मुलाच्या सर्व भाषांत दिसते. शब्द मोजायचे तर सर्व भाषांतले मिळून मोजावेत. मराठीत वीस, गुजरातीत वीस आणि हिंदीत पंधरा शब्द बोलणारे मूल गरीब नव्हे, त्याच्यापाशी पंचावन्न शब्द आहेत. जी भाषा आईला मनापासून बोलता येते, जिच्यात आजी रागावते आणि समजूत घालते, ती बंद केली तर मुलाची समृद्ध भाषा जाते आणि तिच्या जागी मोडकी येते. वाचनाचा पाया मोडक्या भाषेवर घालता येत नाही.

या नगरीतला एक दाखला देण्याचा मोह होतो. श्रीमंत सयाजीराव महाराज १८७५ साली कवळाण्याहून दत्तक आले, तेव्हा ते बारा वर्षांचे होते आणि त्यांचे लिहिणे-वाचणे व्हावयाचेच होते. पुढे याच राजाने १९०६ साली संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९१० पासून गावोगाव ग्रंथालये उघडली. अक्षरे बाराव्या वर्षी भेटली म्हणून वाचक घडावयाचे राहिले नाहीत. माझ्या भावाला अक्षरे पाचव्या वर्षीच भेटली होती. एका उदाहरणावरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे मी जाणते. पण अडीच वर्षांच्या मुलाच्या हाती पेन्सिल देण्याची जी घाई आज चालली आहे, तिच्यावर विचार करावयास हा दाखला पुरेसा आहे. घाई अक्षरांची नको, बोलण्याची हवी.

मग पालकांनी काय पाहावे? दोन वर्षांच्या मुलाचे पन्नास शब्दही झाले नसतील, किंवा ते दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर सर्वप्रथम श्रवणचाचणी करून घ्यावी. टाळी वाजविल्यावर मूल वळते, ही श्रवणचाचणी नव्हे. उशिरा बोलणारी पुष्कळ मुले आपोआप इतरांना गाठतात, हे खरे. पण कोण गाठणार आणि कोण नाही हे घरबसल्या सांगता येत नाही, म्हणून तज्ज्ञाची भेट हवी. साध्या सूचना समजत नसतील, चौथ्या वर्षी परक्या माणसाला बोलणे कळत नसेल, पाचव्या वर्षी यमक किंवा शब्दाचा पहिला ध्वनी ओळखता येत नसेल, आणि विशेषतः घरात कोणाला वाचन जड गेलेले असेल, तर 'मोठा झाला की येईल' असे म्हणून थांबू नये. ही अडचण घराण्यातून उतरते. त्यात आईबापांचा दोष नाही आणि मुलाचा आळस तर मुळीच नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झालेला आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेल्या चाचण्यांत मराठीही आहे. आमच्या लहानपणी यांतले काहीच नव्हते. आज आहे, तेव्हा ते वापरावे.

आणि घरी काय करावे? आपल्या पूर्वजांनी त्याची तयारी करून ठेवली आहे. बडबडगीते, ओव्या, उखाणे, कोडी, भेंड्या हे सारे कानाचेच शिक्षण आहे. भेंडीत शेवटचे अक्षर पकडताना मूल नकळत शब्दाची फोड करते. 'च'ची भाषा तर त्या फोडीची तालीमच. मुलाशी बोलावे, त्याचे ऐकावे, ते दोन शब्द बोलले तर आपण ते चार शब्दांत फुलवून परत द्यावेत. चुकीचा उच्चार हसून उडवू नये, रागाने दुरुस्तही करू नये. बरोबर उच्चार आपल्या वाक्यात सहज म्हणून दाखवावा. आणि रोज वाचून दाखवावे. मूल स्वतः वाचू लागल्यावरही वाचून दाखवावे, कारण ज्याचे वाचन मंद आहे त्याला पुस्तकातली समृद्ध भाषा मिळण्याची दुसरी वाट नाही. माझ्या भावाची भाषा टिकली ती शनिवारच्या त्या पुस्तकांमुळे, असे मला आज वाटते. त्या वेळी मी केवळ माझी हौस भागवीत होते.

शेवटी ग्रंथालयाकडे तीन मागण्या करते. वर्धापनदिनाला मागणे मागण्याचा हक्क जुन्या सभासदाला असतो. पहिली : आठवड्यातून एक तास येथे लहान मुलांना मोठ्याने गोष्टी वाचून दाखवाव्यात, वाचता येत नाही अशा मुलालाही त्या तासाचे मानाचे आमंत्रण असावे. दुसरी : बालविभागात ठळक टाइपाची, थोड्या ओळींची, पण वयाला शोभणाऱ्या विषयांची पुस्तके वेगळी ठेवावीत आणि त्यांच्याजवळ बोलकी पुस्तकेही असावीत. दहा वर्षांच्या मुलाला चिऊकाऊची गोष्ट देऊन त्याचा अपमान करू नये. तिसरी : प्रकट वाचनाच्या स्पर्धा खुशाल घ्याव्यात, पण गोष्ट सांगण्याचीही स्पर्धा असावी. ज्याला वाचता येत नाही त्याच्यापाशीही सांगण्यासारखे असते.

माझ्या भावाने पुढे घड्याळदुरुस्तीचे दुकान काढले आणि ते उत्तम चालविले. त्याचा नातू तीन वर्षांचा झाला तेव्हा त्याचे बोलणे ऐकून भाऊच माझ्याकडे आला आणि म्हणाला, 'ताई, हा माझ्यासारखा आहे. या खेपेला वाट बघायची नाही.' त्या मुलावर साडेतीन वर्षांच्या वयापासून उपचार सुरू झाले. आज तो तिसरीत आहे. सावकाश वाचतो, शुद्धलेखनात चुकतो, पण वाचतो आणि वाचलेले सांगतो. गेल्या पावसाळ्यात त्याचे नाव नोंदविण्यासाठी आम्ही तिघे येथे आलो. भाऊ सवयीने पायरीशी थांबला. नातवाने त्याचा हात धरून त्याला आत आणले आणि टेबलापाशी बसवून आपल्या पुस्तकातले दीड पान वाचून दाखविले. त्या दीड पानाला बराच वेळ लागला. ग्रंथपालांनी बंद करण्याची वेळ होऊनही दिवे मालवले नाहीत, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

ग्रंथालयाच्या दुसऱ्या शतकात पायरीशी थांबणारे मूल कमी व्हावे, एवढीच प्रार्थना करते आणि आपली रजा घेते.